आईला आलेला गॅसचा वास

तापातून उठल्यावर आईला वास येणं बंद झालं, ते काही महिने तसंच राहिलं. मी अंबत्तूरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला धास्ती गॅसची. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं एक उग्र संयुग मिसळतात. आईला नेमकं तेच कळलं नसतं.

एका सकाळी दूध उतू जाऊन बर्नर विझला. मी बाहेरच्या खोलीत होतो.

"अरे, गॅसचा वास येतोय!" आई ओरडली.

मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

बऱ्याच वेळाने शेगडी पेटवली, तर तिचा चेहरा उतरला. "पुन्हा गेला रे. काहीच येत नाही."

"मलाही येत नाही, आई. ज्योतीत ते वासाचं संयुग हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून जळून जातं. त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, पण इतका थोडा की नाकाला कळत नाही."

तिचा विश्वास बसेना. तिने हिंगाची डबी नाकाशी नेली आणि लगेच तोंड फिरवून हसायला लागली. त्या दिवशी आमटीत हिंग जास्तच पडला होता. मी दोनदा वाढून घेतली.