मुलाण्याचा मान

प्रियदर्शनी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा हाजराबीला वाटलं, ही घरकुलाच्या चौकशीला आली. तिने घाईघाईने नवा पंखा गोधडीखाली दडवला. पोरगी निघाली सांगलीच्या जैन घरातली, मानववंशशास्त्र शिकलेली. माणसं कशी राहतात, सणवार कसे करतात, हे जवळून बघायला कवठे महांकाळजवळच्या या गावात आलेली. वर्षभर ती हाजराबीच्याच पडवीतल्या खोलीत राहिली आणि जाताना हाजराबीच्या डोळ्यांना धारा लावून गेली.

हाजराबीचा नवरा बादशहा गावचा मुलाणी. जत्रेत देवीपुढचा बोकड मुलाण्यानेच कापायचा, त्याने बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय कुणी मटणाला हात लावायचा नाही, ही गावची रीत. बादशहाला या मानापुढे शेती, घर, सगळं दुय्यम. पण यंदा मोबाईलवर कुठून कुठून व्हिडिओ आले आणि गावातल्या कोंडीबाने टूम काढली, देवीच्या जत्रेत मुलाणी कशाला? चार पोरं त्याच्या नादी लागली. देवळापुढे बैठक ठरली. बातमीचा वास लागल्यासारखा एक कॅमेरावालाही टपकला.

बादशहाची अन्नावरची वासनाच उडाली. "मान गेला तर गावात तोंड कसं दावू?" एवढंच तो म्हणायचा. शेवटी हाजराबीने सांगलीला फोन लावला आणि प्रियदर्शनी आली.

"पोरी, सात पिढ्यांचा मान हाय म्हणून ठोकून सांग," हाजराबीने तिला बजावलं.

"चाची, सात पिढ्यांचं मला माहीत नाही. जे बघितलं तेवढंच सांगेन."

हाजराबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी शिकली, आणि घरच्या माणसासाठी एक वाक्य जिभेवर येईना!

बैठकीत कोंडीबाने पहिलाच दणका दिला. "बाई, कुठल्या पोथीत मुलाणी लिवलाय, दावा."

"पोथीचं मला ठाऊक नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "पण मी इथं होते त्या जत्रेला बादशहाचाचा मिरजेला दवाखान्यात होते. तेव्हा कुणी बोकड कापला?"

"कुणीच न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"चाचा परत येईपर्यंत गावाने जेवणं अडवून धरली होती. कोंडीबा, तुमच्याही दारात बोकड तसाच बांधलेला होता. तुम्हाला कुणी थांबवलं होतं?"

बायकांतून कोंडीबाची म्हातारी आई, अर्जुना, उठली. "म्या थांबवलं हुतं. बादशहा आल्याबिगार निवद देवीला पोचत न्हाई. ह्यो माझा ल्योक आजच कुठनं शाना झाला?"

लोक खदखदून हसले. कोंडीबाने मान खाली घातली, आणि मुलाण्याचा मान मुलाण्याकडेच राहिला.

कॅमेरावाल्याने मात्र पोरीला गाठलंच. "मॅडम, बोकड कापणं तुम्हाला पटतं का?"



"नाही. मला ते बघवतसुद्धा नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "पण मला काय पटतं हा इथला प्रश्न नव्हता. गाव काय करत आलंय ते मी सांगितलं."

हाजराबी बघतच राहिली. आपली माणसं आपल्या बाजूने बोलतात, त्यात नवल काय? हिला मनातून पटत नव्हतं, तरी ही खरं तेच बोलली. या पोरीचे उपकार कसे फेडावेत ते तिला कळेना.

दोघी घरी पोचल्या, तोवर कॅमेऱ्यातलं ते बोलणं मोबाईलवरून सांगलीत पोचलं होतं. प्रियदर्शनीच्या वडिलांचा, अजितकुमारांचा फोन आला. "जैनाची लेक बोकड कापायच्या बाजूनं बोलली?" आवाज एवढा चढलेला की हाजराबीलाही ऐकू आलं. पोर खाली मान घालून नुसती ऐकत होती. हाजराबीने सरळ तिच्या हातातला फोन काढून घेतला.

"आवं दादा, मी हाजराबी. तुमच्या लेकीनं बोकडाचं काय बी केलं न्हाई. माझा माणूस घास गिळत नव्हता, आता ताटावर बसलाय, एवढं केलंय तिनं. अल्ला तुमचं लय भलं करंल."

मग अजितकुमारांनी हळूच विचारलं, "ती जेवली का?"

हाजराबीने पोरीपुढे ताट सरकवलं आणि हो म्हणून नुसतीच मान हलवत राहिली. फोनवर मान दिसत नाही, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.