गळ्यातला टायर

"भितर सरा, भितर सरा! बस रबराची आसा!"

पेडणे-म्हापसा पहिल्या बसच्या दारात उभा राहून आमचा कंडक्टर ही आरोळी ठोकायचा, तेव्हा बस खरोखरच फुगायची. बत्तीस माणसांच्या त्या बसमध्ये मी स्वतः शहाण्णव माणसं, सात कोंबड्या आणि एक शिवणयंत्र पाहिलेलं आहे. आवाज असा, की हा पेडण्याला ओरडला की धारगळची माणसं पायात चपला सरकवून घराबाहेर पडत. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि मराठी की कोकणी यावर बसमध्ये रोज रणकंदन चाले. मध्येच हा कंडक्टर गर्जे, "भाशेचें मागीर पळोवया, पयलीं दार सोडा!" दोन्ही पक्ष निमूट आत सरकत.

अशा माणसाचा आवाज बसला. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. पहिलं तिकीट फाडून दुसऱ्याकडे वळेपर्यंत धारगळ येई. दांड्याला लटकून उभ्या उभ्या झोपे. आणि ऐन मे महिन्यात, काजूच्या बोंडांनाही घाम फुटतो त्या दिवसांत, अंगात तपकिरी स्वेटर! वर खिडकीवाल्यांना हुकूम, "जनेलां बंद करात रे, म्हाका थंडी वाजता."

आम्ही रोजचे उतारू म्हणजे मोठे धन्वंतरी. कुणी म्हणे फेणी, कुणी म्हणे नजर. 'सुशेगाद झालाय, आळसावलाय, दुसरं काय!' हे निदान माझं. मालकाला मात्र धीर नव्हता. बेल द्यायची राहिली आणि कोलवाळची एक म्हातारी थेट म्हापशाला पोचली, तेव्हा त्याने नोकरी जाईल असं बजावलं, "चवथीमेरेन बरो जा, ना जाल्यार दुसरो कंडक्टर पळयतां."

ओळखलं ते धारगळला चढणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. एके दिवशी त्यांनी तिकिटाऐवजी त्याचं मनगटच धरलं. नाडी मोजली, गळा चाचपला आणि भर बसमध्ये विचारलं, "पोट साफ जाता?"

"बाय, हळू!"

"तूं हळू जाला म्हणूनच विचारतां. रगत तपासून घे. थायरॉईड कमी आसतलो."

"टायर?" ड्रायव्हर मागे वळून ओरडला. "गळ्यांत टायर?"

"तशेंच समज. हवा कमी जाल्या."

रक्तात तेच निघालं. रोज उपाशी पोटी एक गोळी, पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास चहासुद्धा नाही. आणि अधूनमधून हवा तपासायची. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्याने रस्त्याचंच घड्याळ केलं. गोळी पेडण्याला, चहा कोलवाळच्या पुलाला. वाटेत कुणी थर्मास पुढे केला की म्हणे, "कोलवाळ येवंक ना अजून!"

चवथीपर्यंत, म्हणजे गणपती येईपर्यंत, स्वेटर उतरला. आरोळी परत आली, नोकरी राहिली, बस पुन्हा रबराची झाली.

आणि मग त्याने गाढवपणा केला. देवळात जाऊन कौल लावला. आमच्याकडे देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली की होकार. उजवी पडली. गोळी बंद!

दिवाळीनंतर स्वेटर पुन्हा दिसला. या वेळी आम्हीच फसलो, कारण आमच्याकडच्या चिमूटभर थंडीत सगळेच स्वेटर मिरवत होते. पण एका सकाळी धारगळला तो झोपेच्या झोकात पायरीवरून निसटला, तो नेमका डॉक्टरीणबाईंच्या पायाशी.

"गोळी सोडली न्हय?"

"देवान सांगलें, बाय."

"तुवें विचारलें किदें?"

"हांव बरो जालां काय, म्हूण."

"देवान खरें सांगलें. गोळयेन बरो जाल्लो. 'गोळी सोडूं काय?' अशें विचारलें?"

तो उठून उभा राहिला. मग गुडघ्याची धूळ झटकत पुटपुटला, "तें विचारपाक भिलों."

त्या दिवशी बसमध्ये कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

पुढे त्याने देवाला त्रास दिला नाही. गोळी चुकवली नाही. बस भंगारात गेली, मग मालक गेला, आणि पिकल्या वयात आपल्या अंथरुणात तोही गेला. शेवटपर्यंत आवाज शाबूत होता. शेजारी अजून तक्रार करतात.

गेल्या वर्षी माझ्याही गळ्यातला टायर बसला. सकाळी गोळी घेतो आणि डोळे मिटून खुर्चीत बसतो. पेडणे सुटतं, मालपे मागे पडतं. धारगळला स्वयंपाकघरातून चहाचा वास येतो आणि माझा हात आपोआप कपाकडे जातो.

तेवढ्यात दारातून कुणीतरी ओरडतं, "कोलवाळ येवंक ना अजून!"

मी निमूट आत सरकतो.