अठरा इंची वूफर अन् दुकानदाराची डिक्की

मंडळी, आज लातुरात गाडीला वूफर बसवायला गेलो. दुकानदार म्हणाला, "मामा, अठरा इंचीच घ्या, लई दणका हाय!"

त्यानं दुकानातल्या एका गाडीत वाजवून दाखवला. छाती हादरली, पण ताल काही कळेना. मला शंका आली. मी डिक्कीचा पत्रा दोन्ही हातांनी दाबून धरला, तर निम्मा दणका गायब! वूफरपेक्षा पत्राच जास्त वाजून राहिला होता.

"तुमच्या स्वतःच्या गाडीत कोणता हाय?" मी विचारलं.

तो गडबडला. मी त्याला त्याच्या गाडीची डिक्की उघडायलाच लावली. आत छोटा आठ इंची वूफर अन् शेजारी पाण्याचे चार कॅन.

"दुष्काळ हाय मामा. मोठा बसवला तर पाणी कुठं ठेवू?"

मग मी माझं पाणी कुठं ठेवणार होतो, हे त्यानं का नसेल विचारलं?