जाते म्हणू नये

नव्या नोकरीला लागून दोन महिनेही झाले नव्हते आणि मला दिवस गेले. नवऱ्यानंतर ही बातमी मी सगळ्यात आधी ताईला सांगितली. मूर्ख मी, दुसरं काय!

ताई म्हणजे काही सख्खी बहीण नव्हे. आमच्याच धुळ्याकडची, इथं सुरतेत नवागामात आमच्या मागच्या गल्लीत राहणारी, इथल्याच कापड मार्केटात एका साडीच्या पेढीवर पार्सलं बांधून घेणारी. मला तिथं लावलं तिनंच. त्याआधी मी घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचे. मान मोडून यायची. इथं मला माझी खुर्ची होती. महाराष्ट्रातल्या दुकानदारांचे फोन घ्यायचे, त्यांच्याशी मराठीत बोलायचं, मोबाईलवर साड्यांचे फोटो टाकायचे, ऑर्डर लिहायची. बोलायचं काम! लहानपणी आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. तीच जीभ आता कामाला आली होती.

"भाभीला एवढ्यात नको सांगू वं," ताई म्हणाली. "तीन महिने होऊ दे, नजर लागते." भाभी म्हणजे आमच्या मालकीणबाई. मी ऐकलं, पण रोज जीव खालीवर व्हायचा. उद्या त्या म्हणणार, नोकरी मागताना लपवलंस. मग ही खुर्ची गेली की परत खडे!

चौथा लागला तशी मी रिक्षात बसून हिंदीत वाक्यं घोकली आणि भाभींसमोर उभी राहिल्यावर सगळी विसरले. "भाभी, मैं पेट से है, लेकिन मी काम सोडणार नाही, छह महिना छुट्टी दो, मैं पक्का वापस येते," असं काहीतरी एका दमात बोलून गेले. भाभी खळखळून हसल्या. "अरे पागल, इसमें डरना क्या? खुर्सी तेरी ही है." वर सगळ्यांना पेढे. मी धीर करून विचारलं, सुट्टीचं लिहून द्याल का? तर ताईनंच मला कोपरानं ढोसलं. "घरच्या माणसाकडं कागद मागतेस? लाज नाही वाटत?" मला खरंच लाज वाटली.

मग प्रश्न आला, मधले सहा महिने कोण बघणार? ताई म्हणाली, माझी भाची घरी रिकामीच बसलीये, तेवढ्यापुरती येईल. मला किती हायसं वाटलं! घरचीच पोर. दोन महिने तिला शेजारी बसवून शिकवलं. वही लिहून दिली: नंदुरबारच्या काकांना रुंद काठ दाखवायचा नाही, लातूरच्या वहिनींना आधी तब्येत विचारायची, मग साडीचं काढायचं. जळगावच्या एका आजोबांना फोटो उघडता यायचे नाहीत, त्यांना रंग तोंडी सांगावा लागे. पोरगी नुसती 'हिरवा आहे, निळा आहे' करायची. म्हटलं, अगं बाई, डोळे मिटून सांग. कच्च्या कैरीसारखा, पिकल्या जांभळासारखा. त्यांना दिसला पाहिजे.

आठवा महिना सरत आला. सुट्टीच्या आदल्या दिवशी भाभींनी ऑफिसातच माझी ओटी भरली. गुजराती बायका त्याला खोळो म्हणतात. नारळ, पेढे, हिरवी साडी. ताईनं डोळ्यांना पदर लावला, मी तर हमसून रडले. पदर सांभाळत जिन्याशी आले आणि म्हटलं, "ताई, जाते."

"जाते म्हनू नही माय! येते म्हन."

"येते," मी म्हटलं. मागून भाभींनी हात हलवला, "आवजो!" गुजरातीत निरोप देतानाही 'या' असंच म्हणतात. दोन-दोन भाषांत बोलावणं झालं, आता कागद कशाला हवा?

बाळंतपणाला गावी गेले, मुलगी झाली. ती साडेचार महिन्यांची झाल्यावर सुरतेला परतले, तिला घरी सासूबाईंकडं ठेवलं आणि ठरल्या दिवशी हिरवी साडी नेसून मी पेढीवर गेले. दारातच आवाज ऐकू आला, "आजोबा, अगदी पिकल्या जांभळासारखा बघा." माझ्या खुर्चीत बसून, माझी वही समोर ठेवून, ताईची भाची बोलत होती. छान बोलत होती, मेली.

भाभींनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अरे, तू तो गाँव में ही रहनेवाली थी ना?"

"किसने बोला?"

"तेरी ताई ने. खोळा भरा उसी दिन. बोली, सास मना करती है, तेरे को बोलने में शर्म आती है."

त्याच दिवशी! म्हणजे पदर डोळ्यांना लावायच्या आधी की नंतर, एवढंच विचारायचं राहिलं. "भाभी, एक फोन तरी करायचा मला!" मी ओरडलेच. त्या मोबाईलकडं बघत म्हणाल्या, लड़की अच्छी चल रही है, जगा हुई तो बोलूँगी. गरज सरो, वैद्य मरो.

ताई मागच्या खोलीत दाभणानं गठ्ठा शिवत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं मान वर केली नाही.

"तिचं जमलेलं लग्न मोडलं," ती म्हणाली. "दिवसभर भिंतीकडं बघत बसायची. तुला नवरा आहे, लेकरू आहे."

"मग मागायचं होतंस ना माझ्याकडं!" माझा आवाज फाटला. दिली असती का मी? नसती दिली बहुतेक. पण विचारायचं तरी! "केसानं गळा कापलास ताई तू. माझ्याच हातून तिला शिकवून घेतलंस."

ती शिवत राहिली. माझ्या छातीतून दूध झिरपून हिरवा पदर भिजायला लागला होता. घरी बाळाची वेळ झाली होती. भांडायलाही थांबता येईना.

"ताई, जाते," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. मी जिना उतरून खाली येईपर्यंत कान मागेच होते. 'येते म्हण' असं काही तिनं म्हटलं नाही.