काडेपेटीएवढी खिडकी

टाचणीबाईंच्या डाव्या मनगटावर घड्याळ कधी दिसलंच नाही. तिथे असायची कापूस भरलेली, विटकी लाल मखमली गादी आणि तिच्यात खोचलेल्या टाचण्या. फिरत्या नाटक कंपनीचा कपडेपट त्यांनी उभं आयुष्य सांभाळला. कंपनी बंद पडली, नवरा गेला, घर विकलं गेलं आणि त्या वृद्धांच्या वसाहतीत राहायला आल्या, तरी गादी काही मनगटावरून उतरली नाही. वसाहतीत कुणालाही त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर तो डोकं खाजवत राहिला असता. टाचणीबाई म्हटलं, की जिन्याशेजारच्या खोलीकडे बोट वळायचं.

त्या खोलीत त्यांच्याबरोबर त्यांची थोरली जाऊ राहायची. वय नव्वदीकडे झुकलेलं, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. दोन भावांच्या दोन बायका, दोघींचे नवरे गेलेले, समोरासमोर दोन खाटा आणि मध्ये एक खिडकी. ती उघडी ठेवायची की बंद, यावर रोज सकाळी वाद. एखाद्या दिवशी वाद झाला नाही तर शेजारचे हेडमास्तर दार वाजवून विचारायचे, की तब्येती बऱ्या आहेत ना.

थोरल्या बाईंचे यजमान पोस्टात होते, धाकटे भाऊ नाटक कंपनीचे दिवे सांभाळायचे. टाचणीबाई लग्न होऊन आल्या आणि वर्षभरात नवऱ्यामागोमाग कंपनीच्या गाडीत चढल्या. वर्षातले आठ महिने गावोगाव. मुलगी झाली ती थोरलीच्या मांडीवर वाढली, कारण थोरल्या बाईंना मूल नव्हतं आणि धाकटीला वेळ नव्हता. आज ती मुलगी सातासमुद्रापलीकडे आहे, फोन करते तेव्हा आधी मोठ्या आईची चौकशी करते, मग आईची. टाचणीबाईंना त्याचं वाईट वाटत नाही. हिशेब बरोबरच आहे, असं त्या म्हणतात.

थोरल्या बाई नाटकाला 'सोंगांचा कारखाना' म्हणायच्या. पण कंपनी परतली, ट्रंका घरी आल्या, की गच्चीवर राजाचे झगे, शिपायांचे अंगरखे, राणीचे शेले उन्हात घालायला त्याच पहिल्या. तोंडाने शिव्या, हाताने डांबरगोळ्या. घामाचा, रंगाचा आणि अत्तराचा तो एकत्र वास त्या गच्चीवर दिवसभर रेंगाळायचा. टाचणीबाईंना अजून कधी डांबरगोळीचा वास आला तर पाय आपोआप विंगेकडे वळतात. फक्त समोर विंग नसते, बाथरूम असतं.

साथ आली तशी वसाहतीची फाटकं बंद झाली. जेवणाच्या हॉलला कुलूप, ताटं दाराबाहेर स्टुलावर. गप्पा मारायच्या तर दारात खुर्ची टाकून, व्हरांड्याच्या या टोकाहून त्या टोकाला. कुणी ऐकू येत नाही म्हणून ओरडायचं, कुणी ऐकू येतं म्हणून चिडायचं. मधल्या काळात दोन खोल्या रिकाम्या झाल्या. त्यांच्या दारासमोरचे स्टूल बरेच दिवस कुणी उचलले नाहीत.

मग तपासणी आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली माणसं हॉलमध्ये टेबल मांडून बसली. अर्धी वसाहत त्यांना घाबरली. टाचणीबाईंनी मात्र पोशाख न्याहाळला आणि म्हणाल्या, की बगलेत कापड कमी पडलंय, हात वर केला की उसवणार. तासाभरात एकाचा उसवला, तेव्हा त्यांनी दोन हात लांबूनच एक टाचणी टेबलावर ठेवून दिली. नाकात काडी घालायची वेळ आली तेव्हा हेडमास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. थोरल्या बाईंनी पापणी हलवली नाही. उलट उठता उठता हेडमास्तरांना ऐकवलं, की एवढी पोरं बडवलीत आणि काडीला रडता होय.

हे सांगायचं कारण, की थोरल्या बाई सुईला घाबरतात, असं पुढे वसाहतीच्या मॅनेजरबाईंना वाटलं. त्यात तथ्य नव्हतं.

लस येणार असं ठरल्यावर मॅनेजरबाईंनी आदल्या आठवड्यात सगळ्यांची तालीम घेतली. बाई हुशार. हॉलच्या फरशीवर रंगीत चिकटपट्टीने फुल्या मारल्या होत्या. या फुलीवर खुर्ची, त्या फुलीवर नर्स, पलीकडे टोचून झालेल्यांनी अर्धा तास बसायची जागा. त्या फुल्या बघून टाचणीबाईंचा जीव हरखला. नटाने कुठे उभं राहायचं याच्या खडूच्या खुणा त्यांनी किती रंगमंचांवर पाहिल्या होत्या. खुणेवर उभं राहिलं की दिवा बरोबर तोंडावर पडायचा, आणि तो दिवा त्यांच्या नवऱ्याचा. त्या आपल्या फुलीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि सवयीने वर बघितलं. वर पंखा होता.

"आता सगळ्यांनी डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर करून दाखवा," मॅनेजरबाई म्हणाल्या.

थोरल्या बाई खुर्चीतून उठल्या. मला तुमची लस नको, एवढंच म्हणाल्या आणि काठी टेकत खोलीकडे निघून गेल्या.

संध्याकाळी मॅनेजरबाई दारात आल्या. त्यांनी समजावलं, विनवलं, शेवटी नियम सांगितला. लस न घेणाऱ्यांना मागच्या इमारतीत एकेकट्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं, जेवण तिथेच, भेटीगाठी बंद. एका खोलीत एक टोचलेला आणि एक न टोचलेला चालणार नाही, वरून तसा हुकूम आहे. किती दिवस, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"जाते मागे," थोरल्या बाई म्हणाल्या. "हिच्या घोरण्यातून तरी सुटेन."

टाचणीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मागच्या इमारतीच्या खिडक्या इथून दिसायच्या. दोन रिकाम्या झालेल्या खोल्यांमधला एकजण शेवटी तिथेच होता. आणि थोरल्या बाई का उठल्या, हे त्या हॉलमध्ये फक्त टाचणीबाईंना कळलं होतं.

पन्नास वर्षं थोरल्या बाईंचे कपडे त्यांनी शिवले, पण जावेच्या दंडाला टेप कधी लागली नाही. मापाला जुना ब्लाऊज यायचा, पुढे जुना गाऊन. बाही मनगटापर्यंत, उन्हाळा असो की आजारपण. थंडी वाजते, असं सांगायच्या. सगळं घर त्यांना थंडीची बाई समजायचं. एकदा कंपनी घरी असताना थोरल्या बाईंना विषमज्वर झाला. दुपारची वेळ, घरात दुसरं कुणी नाही, घामाने कपडे चिंब. टाचणीबाईंनी ते बदलले आणि तेव्हा पाहिलं. कोपरापासून खांद्यापर्यंत दोन्ही दंड पांढरे. कोड. दुधाचं भांडं कलंडावं तसं पसरलेलं.

त्या काळी एवढ्यावरून लग्नं मोडायची, आलेली सून माहेरी पाठवली जायची. आईने मुलीला लांब बाह्या घालून उजवलं असणार. यजमानांना कळलं असणार, आणि त्या भल्या माणसाने ते स्वतःजवळ ठेवलं असणार. टाचणीबाईंनी कोरडा ब्लाऊज चढवला, गुंड्या लावल्या, आणि नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. कपडेपटात बघितलेलं कपडेपटातच ठेवायचं, ही त्यांच्या धंद्याची रीत. नायकाचं टक्कल, राजाचा सात ठिकाणी रफू केलेला बनियन, नायिकेच्या पाठीवरचे नवऱ्याने दिलेले वळ. सगळं बघायचं, वरून शेला नीट करायचा आणि माणसाला उजेडात पाठवायचं.

त्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या त्यांना एक जुना प्रवेश आठवला. नायिकेच्या दंडाला बाण लागतो, रक्त दिसतं, आणि पुढच्याच प्रवेशात ती स्वप्नातून जागी होते तेव्हा दंड धडधाकट. कपडे बदलायला वेळ नाही. तेव्हा त्यांनी बाहीला एक छोटी खिडकी कापली होती, वरून झाकण, झाकणाला टिचबटणं. झाकण उघडलं की जखम, लावलं की जखम गायब. प्रेक्षक दरवेळी श्वास रोखायचे. आणि विंगेत उभं राहून त्यांना तेव्हाच एक गोष्ट उमगली होती. ठिगळ दिसतं ते त्याच्या कडेमुळे. कडच दिसली नाही, तर ते ठिगळ कुठलं, तेही कापडच.

सकाळी त्या मॅनेजरबाईंकडे गेल्या आणि थोरल्या बाईंचा विषय काढलाच नाही. म्हणाल्या, तालमीत बघितलंत ना, स्वेटर वर सरकेनात, खांदे दुखणाऱ्यांना हात उचलेना, एकेकाला बाही वर करायला घटकाभर लागली. मी सगळ्यांच्या बाह्यांना खिडक्या करून देते. टिचबटण उघडा, टोचा, लावा. मॅनेजरबाईंना कल्पना पटली आणि दुपारपासून जिन्याशेजारच्या खोलीत कपड्यांचे ढीग येऊ लागले.

थोरल्या बाईंच्या जिभेला खाद्यच मिळालं. चांगल्या कपड्यांना भोकं पाडते, उंदरांचं काम हिने घेतलंय, असं दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. सुईत दोरा मात्र त्यांनीच ओवायचा. टाचणीबाईंना सुईचं नेढं दिसायचं नाही, थोरल्या बाईंचे डोळे अजून तीक्ष्ण. एक सुई रिकामी झाली की दुसरी भरून तयार. बडबड चालू, हात चालू. हेडमास्तरांचा स्वेटर टाचणीबाईंनी सवयीने त्यांच्या समोर धरून खूण केली आणि खिडकी उजव्या बाहीला झाली. प्रेक्षकांच्या बाजूने डावी, अशी त्यांनी सारवासारव केली. हेडमास्तर म्हणाले, की आयुष्यभर मुलांचं डावं-उजवं मी सुधारलं, शेवटी माझंच चुकायचं होतं.

दोरीवर वाळत असलेला थोरल्या बाईंचा करडा गाऊन त्यांनी न विचारता उचलला. इतरांच्या खिडक्या तळहाताएवढ्या होत्या, ही काडेपेटीएवढी. कड आत दुमडून हातशिलाईने बसवली, आतून त्याच कापडाची पट्टी लावली, म्हणजे खिडकी दंडाला चिकटून राहील आणि बाजूला फाकणार नाही. त्यासाठी दोरा ओवून थोरल्या बाईंनीच दिला होता. काय शिवतेयस, हे त्यांनी विचारलं नाही. गाऊन घडी घालून टाचणीबाईंनी जावेच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवला, वर हेडमास्तरांचा स्वेटर, वर आणखी कुणाचा सदरा. ढिगातला एक.

लसीच्या दिवशी ढिगातले बाकीचे कपडे गेले, गाऊन तिथेच होता. मागच्या इमारतीतली खोली झाडून ठेवली आहे, असा निरोप आदल्या दिवशीच आला होता. थोरल्या बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खिडकी उघडी ठेवू का, असं टाचणीबाईंनी विचारलं. वाद झालाच नाही, आणि त्या एकट्याच हॉलकडे निघाल्या.

हॉलमध्ये मॅनेजरबाई घंटा वाजवून एकेका खोलीला बोलावत होत्या. टाचणीबाई आपल्या फुलीवर जाऊन बसल्या. शेजारची फुली रिकामी. कंपनीत तिसरी घंटा झाली तरी एखादा नट विंगेत पोचलेला नसायचा, तेव्हा पडदा धरून उभ्या असलेल्या माणसाकडे जसं सगळे बघायचे, तसं त्या नर्सकडे बघत होत्या. थांबा म्हणावं, की जरा थांबा. त्यांच्या बाहीचं टिचबटण उघडलं, सुई गेली, कापूस लागला. कळलंही नाही.

मग मागे काठीचा आवाज आला. करडा गाऊन, मनगटापर्यंत बाह्या, ताठ पाठ. थोरल्या बाई फुलीवर बसल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. नर्सने झाकण उघडलं. त्या एवढ्याशा चौकोनात त्वचा होती, फक्त त्वचा. पांढऱ्याची कड कुठेच नव्हती. नर्सच्या डोळ्यांवरच्या काचेवर वाफ धरलेली. तिने दंड पुसला, टोचलं, झाकण लावलं आणि म्हणाली, की आजी, तुमची शिलाई सगळ्यांत नाजूक आहे.

अर्धा तास बसायचं होतं. दोघींच्या खुर्च्यांमध्ये हातभर अंतर. थोरल्या बाईंनी बाहीच्या झाकणावरून दोनदा बोट फिरवलं. दंड दुखतोय असं समजून टाचणीबाई नर्सला हाक मारणार, तोच थोरल्या बाई म्हणाल्या, "धाकटे, माझ्या विषमज्वरात कपडे कुणी बदलले होते गं?"

"आठवत नाही बाई. फार दिवस झाले."

"तुला राजाच्या झग्याच्या गुंड्या आठवतात."

"त्या पितळेच्या होत्या, ताई. रोज घासाव्या लागायच्या."

थोरल्या बाईंनी मान हलवली. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते. हॉलमध्ये हेडमास्तर तक्रार करत होते, की उजव्या हाताला टोचल्यामुळे आता वर्तमानपत्र धरता येणार नाही. दोघींनी ते नीट ऐकून घेतलं.

"तू सगळ्या गावाच्या बाह्या फाडल्यास," थोरल्या बाई म्हणाल्या, "माझ्या एका बाहीसाठी."

"उंदरांचं काम," टाचणीबाई म्हणाल्या.

खोलीत परतल्यावर चहा आला. खिडकी उघडी की बंद, यावर रीतसर वाद झाला आणि थोरल्या बाई जिंकल्या. मग पेला खाली ठेवून त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"दुसऱ्या डोसला नवीन गाऊन शिव. हा जुना झाला."

टाचणीबाईंनी सवयीने हात पुढे केला, मापाला जुना कपडा घ्यायला.

"तो नको," थोरल्या बाई म्हणाल्या आणि मनगटाची गुंडी काढू लागल्या. "टेप आण."