सरांचा साकव आणि कठड्यावरची रेंज

आठवीत शाळा सोडलेल्या माणसावर एखाद्या वर्तमानपत्राचं नशीब कुणी सोपवेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. सरांनी सोपवलं. 

मी हिंगोलीकडचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे पिंपं धुवायला आलो. ठेकेदार बदलला, नवा आपली माणसं घेऊन आला आणि मी रस्त्यावर आलो. तेव्हा इथल्या एका साप्ताहिकात अंकांचे गठ्ठे बांधायला माणूस हवा होता. संपादक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी मला टायपिंग शिकवलं, मग संगणकावर अंकाची पानं लावायला शिकवलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कचेरीमागची खोली मला राहायला झाडून दिली. ज्वारीच्या भाकरीची आठवण मी एकदाच काढली होती, तर त्या कुठूनशी ज्वारी घेऊन आल्या. त्यांचा हात तांदळाच्या भाकरीचा, ज्वारीची थापताना मोडायची. मोडलेले तुकडे मी गोळा करून खायचो.

तोवर अंक थोडेच छापत होतो. खरे वाचक वेबसाइटवर होते. मुंबई-सुरतेला गेलेली माणसं गावाकडे निघण्याआधी घाट चालू आहे का, सावित्री नदीचं पाणी कुठवर आलंय, हे आमच्याकडे बघत. मोबाइलवर अफवा पुष्कळ फिरतात. भरवसा सरांच्या शब्दावर. आणि आदल्या पावसाळ्यात, बाजारपेठेत पाणी शिरलं नेमकं त्याच दिवशी, वेबसाइट बसली, उघडेचना. ती बनवणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी केव्हाच परदेशी गेला होता.

"यंदा पुन्हा असं झालं तर बंद करू," सर म्हणाले. "ऐन वेळी लोकांना तोंडघशी पाडायचं तर पेपर चालवायचा कशाला?"

बंद झाल्यावर मी कुठे जाणार, हे त्यांनी विचारलं नाही. 

सरांना काचबिंदू. पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसेनाशी झाली होती. म्हणाले, "पावसाआधी नवीन काहीतरी बसव. तू बघ, तूच ठरव."

बातम्या लिहायच्या, साठवायच्या, वेबसाइटवर मांडायच्या, या सगळ्या व्यवस्थेला सीएमएस म्हणतात हे मला तेव्हा कळलं. आमच्या पोलादपूरच्या वार्ताहर ताईंना मी सांगितलं, "बातम्यांचं कोठार समजा. त्याला मागून एक दार असतं. तिथून आपण माल आत टाकायचा."

"मग दार मोठं घे," ताई म्हणाल्या.

शोधून शोधून दोन कोठारं हाती उरली. एक पुण्याच्या कंपनीचं, सगळं तेच सांभाळणार. दुसरं फुकटचं, पण आपलं आपण बसवायचं आणि आपणच निस्तरायचं. मला कंपनीचंच हवं होतं. काही बिघडलं तर बोट दाखवायला कुणीतरी असेल, एवढाच विचार.

तरी फुकटचं एकदा बसवून पाहिलं. जुन्या बातम्या त्यात ओतल्या आणि पहिलीच उघडली. पडद्यावर नुसते कंस, टक्क्याच्या खुणा, तुटक्या काड्या. दुसरी उघडली, तीही तशीच. सगळ्याच.

आम्ही छापखानेवाले वर्षानुवर्षं एका जुन्या फॉण्टात टाइप करत आलो. त्यातली मराठी फक्त दिसायला मराठी. आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि खुणा. फॉण्ट काढला की कचरा. पानासाठी टाइप केलेला मजकूर तसाच उचलून वेबसाइटवर टाकायचा, ही आमची रीत. त्या विद्यार्थ्याने तो फॉण्ट वेबसाइटीतच बसवून ठेवला होता, म्हणून कुणाला कधी कळलं नाही.

जुन्या वेबसाइटवर ताडून पाहिलं: पहिली उघडलेली बातमी साकवाची होती. ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या पोरांना शाळेत जाता यावं म्हणून पायी जायचा छोटा पूल व्हावा, यासाठी सरांनी वर्षानुवर्षं लिहिलं, तेव्हा तो झाला. सरांचं आयुष्य त्या काड्यांत पडलं होतं.

कंपनीचा माणूस म्हणाला, "काळजी सोडा. आमच्याकडे कन्व्हर्टर आहे, जुनं सगळं नीट करून देतो." मी हो म्हणणारच होतो. म्हटलं, आधी त्यांच्या कोठारात ताईंकडून एक बातमी टाकून बघू.

ताईंची चहाची टपरी आंबेनळी घाटात. रस्ता त्यांच्या डोळ्यांसमोर. पण रेंज फक्त समोरच्या कठड्यापाशी, तीही वाऱ्यासारखी.

"अरे, हे फोटो मागतंय," फोनवर ताई. "फोटोशिवाय फुडं जात नाय. कशाचा देऊ? दगडाचा?"

"दगडाचाच द्या."

"दिला. आता गोल गोल फिरतंय." फोन तुटला. मग पुन्हा लागला. "गेली रेंज. सगळं पुसलं. पयल्यापासून लिव्हू काय?"

"लिहा, ताई."

पुन्हा पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

"त्या कंपनीवाल्याला सांग, ये नि ऱ्हा उभा कठड्यावर. चा फुकट हाय."

तो म्हणाला, "मॅडमना सांगा, रेंजमध्ये येऊन भरा." रेंजमध्ये म्हणजे पोलादपूरला उतरून. आणि घाटच बंद असला तर? मी फोन ठेवून दिला.

फुकटच्या कोठाराचं मोबाइल ॲप मात्र बातमी फोनमध्येच धरून ठेवायचं आणि रेंज मिळाली की आपणहून पाठवायचं. संध्याकाळी ताईंचा फोन. "गेली काय रे?"

"केव्हाच आली."

"आणि मी फोन कठड्यावर ठिवून गोठ्यात होते."

म्हणजे एकात सरांचं जुनं टिकत होतं, दुसऱ्यात ताईंचं आजचं पोचत होतं. दोन्ही एकात नव्हतं.   घरी फोन केला. माय म्हणाली, "ते वेबसाइट का काय, कोणाचं हाय? तुझं?"

"नाही, सरांचं."

"मंग सरांला इचार की."

विचारलं. फुकटचं घेतलं तर जुनं सगळं काड्यांत जाईल, कंपनीचं घेतलं तर ताईंचं अडेल, असं सांगितलं. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"साकवाचंसुद्धा?"

"हो, सर. कन्व्हर्टर मलाही मिळेल, फुकटचा. पण त्याने जोडाक्षरं तुटतात. एकेक बातमी हाताने दुरुस्त करावी लागेल. खूप वेळ जाईल."

"तो फॉण्ट मीच निवडला होता," ते म्हणाले. "अक्षर गोल होतं, छान." मग म्हणाले, "ताईंचं पोचतंय ना?"

"पोचतंय."

"मग मला कशाला विचारतोस?"

फुकटचं बसवलं. पावसाळा सुरू झाल्यावर रोज वाटे, आज बसणार, आज बसणार. सावित्रीचं पाणी बाजारपेठेकडे चढलं त्या दिवशी मी पडद्यासमोरून हललो नाही. वेबसाइट जड झाली, रखडली, पण उघडत राहिली. दुपारी ताईंची ओळ आली: "दरड आली हाय. घाट बंद. कोनी निघू नका." मी ती तशीच ठेवली, एक अक्षर बदललं नाही. सरांनी मोठ्याने वाचायला लावली. ऐकून ते उठले आणि काकूंना चहा ठेवायला सांगितलं. पेपर बंद करण्याचं त्यानंतर निघालं नाही.

मी त्याच खोलीत आहे. संध्याकाळी जुन्या बातम्या काढतो. तुटलेली ओळ वाचून दाखवतो, सर आठवून शब्द सांगतात, मी बसवतो. आता त्यांना खिडकीचा उजेड तेवढा कळतो. आणि मध्येच एखादा शब्द त्यांनाही आठवत नाही. तेव्हा ती जागा मी रिकामी ठेवतो.

दुरुस्त झालेल्या बातम्यांत साकवाला अजून मंजुरीसुद्धा मिळालेली नाही, इतके आम्ही मागे आहोत. सर म्हणतात, घाई करू नकोस.

मी घाई करतो.