पुढे कोण आलं होतं?

दौलतजी गेल्याचं मला छापखान्यात कळलं. मी एका पत्रकाचं मुद्रित तपासत होतो. कचेरीतला एक चपराशी तिथे काही कामाला आला होता, तो सहज म्हणाला, "तुमचे मोडीवाले बुढे गेले ना परवा." परवा... म्हणजे नागनदीकाठी त्यांचं दहनही आटोपलं होतं. मी मुद्रित पुरं करून दिलं. त्यात तीन चुका राहिल्या होत्या, हे पत्रक वाटून झाल्यावर दिसलं.

दौलतजी नागपूरच्या कचेरीबाहेर कडुलिंबाखाली अर्ज लिहीत बसत. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. जुनी मृत्युपत्रं ते शोधून देत. कोणाचा पणजा मरताना काय लिहून गेला, दत्तक कोणाला घेतलं, कोणाला आपलं म्हटलं आणि कोणाला नाही, हे सारं दफ्तरखान्यात लाल फडक्यांच्या गठ्ठ्यांत बांधून पडलेलं असे आणि बहुतेक मोडीत असे. माझं त्यांच्याविषयी चांगलं मत नव्हतं. मी पत्रकं वाचत वाढलो आणि मिसरूड फुटायच्या आत ती लिहू लागलो. परक्या सरकारच्या कचेरीभोवती जगणारी माणसं म्हणजे झाडावरची बांडगुळं, असं मी छापलंही होतं. तरी एका उन्हाळ्यात मला त्यांच्याकडेच जावं लागलं. कारण माझी सोनाआत्या.

सोनाआत्या माझ्या वडिलांची सावत्र बहीण. आजोबांची पहिली बायको, म्हणजे माझी सख्खी आजी, वारल्यावर त्यांनी पारशिवनीकडची एक विधवा घरात आणली. तिच्यापासून आजोबांना झालेली मुलगी सोना. आजोबा गेले, पाठोपाठ तीही गेली. पुढे आमच्या घराला मालगुजारीची, जमीनदारीची हवा लागली आणि घरचे सांगू लागले की ती बाई ठेवलेली होती. विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागलाच नव्हता. सोनाआत्याला घरातून कोणी काढलं नाही. फक्त मान द्यायचा बंद केला. बारशाला भावाच्या मुलाच्या कानात नाव सांगायचा हक्क आत्याचा. माझ्या बारशाला तो एका चुलत आत्याला दिला, आणि सोनाआत्या त्या वेळी मागे चुलीपाशी पुऱ्या तळत होती. ती मला एकदाच म्हणाली होती, "पाट लागला होता का नाही, येवढं कोणी सांगा रे बाबू. मंग मी मराले मोकळी." आजोबांनी मृत्युपत्र केलं होतं एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

तीन महिने मी दफ्तरखान्यात खेटे घातले. आजोबांच्या नावानं शोधलं, मोठ्या काकांच्या नावानं, वडिलांच्या नावानं. काही नाही. शेवटी कडुलिंबाखाली जाऊन बसलो. दौलतजींनी चष्म्यावरून पाहिलं. "बांडगुळाकडे काहून आले गा?" ते हसले. "असू द्या. चांगलं लिहता तुमी. पण शोधता चुकीचं. मेलेल्याच्या नावानं गठ्ठा सापडत नाही. कोर्टात अर्ज घेऊन पुढे कोण आलं होतं, त्याच्या नावानं प्रकरण चढते. तुमच्या घरून कोण पुढे आलं?"

मी काका-वडिलांची नावं सांगितली.

"थे झाले सारे माणसं. बाई पुढे आली असन तं?"

पारशिवनीवाली आजी कोर्टात उभी राहिली असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. "असेल," मी म्हणालो.

"मंग नाव सांगा तिचं."

मला तिचं नाव माहीत नव्हतं. त्याच महिन्यात मी स्त्रियांच्या हक्कांवर आठ पानी पत्रक छापलं होतं आणि त्याची एक प्रत दौलतजींच्या मांडीखाली होती, तापलेल्या जमिनीचा चटका लागू नये म्हणून. त्यांनी ती काढून दाखवली नाही. तेवढं सौजन्य त्यांच्यात होतं.

आत्याला विचारलं. ती बराच वेळ आठवत राहिली. "मी तं माय म्हणत होती. बाकीचे पारशिवनीवाली म्हणत. नाव... नाव कोण घेते बाईचं?" हे दौलतजींना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, तिचे पिंड कुठे दिले? मी सांगितलं, रामटेकला, अंबाळा तलावावर, तिच्या भावानं. "झालं तं मंग. जितेपणी नाही घेतलं तरी पिंड देतानी नाव घ्याच लागते. जा तेथी, उपाध्याची वही पाहा."

अंबाळ्याच्या उपाध्यांविरुद्ध मी आदल्याच जत्रेत पत्रकं वाटली होती. वहीवाल्या उपाध्यांनी मला लगेच ओळखलं. "काय हो, आम्ही लुटारू ना? मग लुटारूच्या वहीत काय पाहता?" पण वही काढली. त्यांच्या बापाच्या हातची ओळ होती. गाव पारशिवनी, पिंड देणारा भाऊ, आणि बहिणीचं नाव मैना. मी दक्षिणा ठेवली नाही, तत्त्व म्हणून. आज वाटतं, आभार मानायला तत्त्व आड येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दौलतजींनी सूचीतलं 'म'चं पान काढलं आणि दुपारच्या आत गठ्ठा समोर आला. अर्ज मैनाबाईचा. सोबत आजोबांचं मृत्युपत्र, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं: माझी पाटाची बायको मैना, पंचांसमक्ष पाट लागलेली, आणि तिच्या पोटची माझी मुलगी सोना. अर्जाच्या खाली मोडीत 'निशाणी बांगडी' आणि शेजारी एक लहानसा गोल. लिहिता न येणाऱ्या बाईच्या सहीऐवजी त्या काळी बांगडी काढत. दौलतजींनी नक्कल उतरवली तेव्हा तो गोलही काढला. मी म्हणालो, गोलाची काय गरज? ते म्हणाले, "बाई येवढ्या दूर चालत आली. तिची सही गाळू का?"

नक्कल मी आत्याला वाचून दाखवली. वडीलही होते. ते उठून ओसरीत जाऊन बसले. आत्यानं आईचं नाव पुन्हा दोनदा वाचायला लावलं. मग मला जवळ ओढलं आणि पंचवीस वर्षांच्या दाढीवाल्या माणसाच्या कानात, बारशाला सांगतात तसं, माझ्यासाठी तेव्हा ठरवून ठेवलेलं नाव सांगितलं. ते इथे छापत नाही.

त्यानंतर चार वर्षं मी दौलतजींकडे मोडी शिकायला जात होतो. सरकारावरून, उपाध्यांवरून आमची रोज भांडणं होत. मी मत बदललं नाही, त्यांनीही नाही. दुपारी त्यांच्या घरी जेवायला बसलो की म्हणत, "वाढ वं, क्रांती उपाशी आहे." आणि त्यांची बायको भाकरी वाढे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. काकूंनी कोनाड्यातल्या शोधवह्या पुढे ठेवल्या. "तुमीच न्या. मले काय वाचता येते?" प्रत्येक पानावर दोनच रकाने. एकात गेलेल्याचं नाव, दुसऱ्यात 'पुढे कोण आलं'. दौलतजींनी मागे मृत्युपत्र ठेवलेलं नाही. ठेवायला होतंच काय, या वह्यांशिवाय? शेवटच्या वहीत, जिथे ओळी संपल्या होत्या, तिथे मी त्यांचं नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्याशी आलो आणि थांबलो... चार वर्षं त्या हातची भाकरी खाल्ली होती.

"काकू, तुमचं नाव काय?"

"काहून? दौलतजीची बायको लिहा ना. सारे ओळखते."

"नाही. नाव सांगा."

त्यांनी दाराकडे पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. मग इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. कौतिका. मी लिहिलं.

"वाचा बरं," त्या म्हणाल्या. मी वाचलं.

"अजून एकडाव. मोठ्यानं."